बारावा ग्लास

१

सोमवारी सकाळी साडेआठला विजयसिंहांचा फोन आला, तेव्हा मी दारात सायकलची साखळी पुसत बसलो होतो. विजयसिंह आमच्या सायकल मंडळाचे कॅप्टन. फर्निचरचं शोरूम आहे, आवाज दणदणीत आहे आणि फोनवर तो आणखी चढतो. त्या दिवशी मात्र ते हळू बोलले.

"पिराजीराव, काल आपण किती जण परत आलो?"

"बारा. बारा गेलतो, बारा आलो की."

"अकरा आलो. सयाजीराव बिद्रीच्या अलीकडं, कालव्याच्या कडंला चरीत पडल्यालं घावलं. आत्ता, ऊसतोडवाल्यांना. कालपास्नं तितंच हुते."

मी फडकं टाकून उठलो. "हाईत न्हवं?"

"हाईत. खुबा मोडलाय. शुद्ध येती आन् जाती. जर्सीवर माझा नंबर छापलाय म्हणून मला तरी कळलं. शेवटी कोण हुतं, पिराजीराव?"

शेवटी मी होतो. गेली सहा वर्षं मीच असतो. रविवारच्या राईडला सगळ्यांच्या मागून चालायचं, कुणी पंक्चर झालं तर थांबायचं, कुणाचा दम गेला तर त्याच्याबरोबर रेंगाळायचं, हे माझं काम. मंडळात मला शेपूट म्हणतात आणि त्यासाठी एक पोपटी जॅकेट दिलंय. तुम्हाला हसू येईल, पण त्या जॅकेटवर माझा जीव आहे. तेहतीस वर्षं मी विजेच्या मीटरचं रीडिंग घेत दारोदार फिरलो. बायको जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगी बंगळूरला. सोमवार ते शनिवार माझं नाव घेऊन कुणी हाक मारत नाही. रविवारी मात्र अकरा माणसं मागं वळून बघतात, शेपूट आलं का म्हणून.

"गुरुवारी मीटिंग हाय," विजयसिंह म्हणाले. "येताना जॅकेट घिऊन या."

२

आमच्या मंडळाचा नियम एकच आहे: कुणाला मागं सोडायचं नाही. आणि आमच्याकडे माणसं मोजत नाहीत, ग्लास मोजतात. माणसं मोजायला गेलं की मोजणारा स्वतःला विसरतो, नाहीतर कुणीतरी शेताकडेला गेलेलं असतं. म्हणून परतीच्या वाटेवर चिमणाबाईच्या टपरीवर शेवटचा थांबा. शेपूट पोचल्याशिवाय चहा ओतायचा नाही. मग बारा ग्लास एकदम ओतून ती ताटात मांडते. दुसरा ग्लास कुणी घ्यायचा नाही. ताटात एखादा भरलेला उरला, तर माणूस मागं राहिलाय, मी उलटा जायचं. चहानंतर ज्याचा तो आपापल्या वाटेनं घरी.

दहा ग्लास काचेचे, दोन स्टीलचे. स्टीलच्यात बिनसाखरेचा, एक सयाजीरावांचा आणि एक प्रसेनजीतचा. रिकामे ग्लास गोळा करून टपरीवर द्यायचे हेही माझंच काम. कालचं मला लख्ख आठवत होतं. काचेचे दहा एकात एक घातले, वर स्टीलचे दोन ठेवले. त्यातला एक हाताला चांगलाच गार लागला होता. थंडीचे दिवस आहेत, स्टील लवकर निवतं, असं मनात येऊन गेलं. बारा रिकामे होते एवढं नक्की.

मी दवाखान्यात गेलो. सयाजीरावांना ऑपरेशनला नेलं होतं. बाहेर बाकावर विजयसिंह एक प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पोलिसांनी पाय घसरून पडले असं लिहून घेतलं होतं आणि ते गेलेही होते.

"ह्यो माणूस बिद्रीतनं मिसळ खाऊन सगळ्यांच्या आदी निघाला," विजयसिंह म्हणाले. "दर रविवारी पाव तास आदी निघतोय, हळू चालवतोय म्हणून. मीच परवानगी दिलीया. मग त्यो मागं राहिलाच कसा? आन् तुमाला दिसला कसा न्हाय?"

"सायकल कुटं घावली?"

"चरीपास्नं शंभरभर पावलांवर, कालव्याच्या पुलाजवळ गवतात. फोन सायकलच्या पिशवीतच हुता."

"कशी पडलीती?"

"सायकलला काय झालं न्हाय वो. कुलूप लावल्यालं हुतं. गियर वर."

आमच्या सायकलींना स्टँड नसतो. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी शिकवतात, सायकल आडवी करायची ती गियरची बाजू वर ठेवून. पडलेली सायकल कशीही पडते, पण ही कुलूप लावून, गियर वर ठेवून नीट निजवलेली होती. म्हणजे सयाजीराव सायकलवरून पडलेच नव्हते. ते उतरले होते, कुठंतरी चालत गेले होते, आणि तिथून परतताना किंवा जाताना घसरले होते.

पिशवीत गॉगल होता, घराची किल्ली होती आणि चुरगळलेला एक कागद. "जर्सीच्या मागल्या खिशात हुता," विजयसिंह म्हणाले. "चिक्कीचा चुरा दिसतोय."

कागदात पिवळट तपकिरी चुरा होता, तेलकट, मध्ये काळी टरफलं. मी वास घेतला. ती चिक्की नव्हती, पण काय आहे ते चटकन आठवेना. मी कागद घडी करून खिशात घातला.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सयाजीराव टपरीवर पोचलेच नसतील, तर बारावा ग्लास कुणी प्यायला?

३

स्नेहल एका कॉलेजात शिकवते. मंडळात सगळ्यात तरुण, आणि सयाजीरावांशी बरी बोलायची.

"काका, मी त्यांना चहाच्या तिथं बघितलंय की," ती म्हणाली. "शपथेवर सांगते."

"कुटं बसल्ते?"

"तिथंच... बाकावर."

"कुनाशेजारी? टोपी घातलीती का काढलीती?"

ती आठवू लागली आणि तिचा चेहरा उतरत गेला. "काका, मला ग्लास आठवतोय. ताटात त्यांचा स्टीलचा ग्लास होता. त्यामुळं मला वाटलं ते आहेत."

आणखी चौघांना विचारलं. चौघांनाही सयाजीराव दिसले होते आणि चौघांनाही ते कुठं बसले होते ते सांगता येईना. मला दुसऱ्याला नावं ठेवायचा अधिकार नव्हता. मी स्वतः तेव्हा पाठमोरा बसून कुणाच्या तरी चाकात हवा मारत होतो.

राहिला प्रसेनजीत. बांधकामाचा इंजिनिअर, साखरेला विष म्हणणारा. बिनसाखरेचा दुसरा ग्लास रिचवू शकेल असा तोच एक, आणि हे मंडळात एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. ग्रुपवर कुणीतरी त्याला तसं विचारलंही होतं. मी गेलो तेव्हा तो साइटवर पायऱ्यांवर एकटाच डबा खात होता.

"तुम्हीपण तेच विचारायला आलासा न्हवं?" तो म्हणाला. "काका, मी एकच प्यालो. दुसरा प्यायला असता तर आपला माणूस रात्रभर चरीत पडू दिला असता का मी? माझा ग्लास मी सगळ्यात शेवटी, तुमच्या हातात दिला. आठवतंय का?"

आठवत होतं. ग्लास देताना तो म्हणाला होता, "सांभाळून, कढत हाय अजून."

मी तिथंच पायरीवर बसलो. दोन स्टीलचे ग्लास एकाच मिनिटाला माझ्या हातात होते. दोन्हीत एकाच वेळी, मी पोचल्यावर चहा ओतलेला. एक कढत आणि एक गारठलेला. चहा पिऊन रिकामा झालेला ग्लास एवढा गार कसा होईल?

होत नाही. त्या ग्लासात चहा ओतलाच नव्हता.

प्रसेनजीतला मी माफ कर म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही निदान समोर येऊन विचारलंसा, काका." आणि डबा अर्धा तसाच ठेवून उठला.

४

दवाखान्यात द्यायला कपडे हवे होते, म्हणून मंगळवारी किल्ली घेऊन मी उचगावला सयाजीरावांच्या घरी गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. सवयीप्रमाणे आधी मीटर बघितलं. मागं बिल खोचलेलं होतं: एकवीस युनिट. एकट्या माणसाचं मीटर मला लांबून ओळखू येतं. माझं बावीस येतं.

सयाजीराव एसटीत कंट्रोलर होते, त्यामुळं घरात सगळं जागच्या जागी होतं. एक ताट, एक वाटी, एक तांब्या. कपडे घेऊन मागच्या दारी गेलो, तर तिथं गोठा. रिकामा, पण सारवलेला. दावणीत कुणी नाही आणि जमीन मात्र कालपरवा सारवल्यासारखी. कोपऱ्यात एक पोतं होतं, तोंड बांधलेलं. मी सोडून हात घातला. पिवळट तपकिरी ढेकळं, तेलकट, मध्ये काळी टरफलं.

सरकी पेंड, दुभत्या जनावराचं खाद्य. लहानपणी आमच्याही गोठ्यात असायची.

शेजारच्या बयाबाई कुंपणावरून बघत होत्या. "कसं हाईत वो कंट्रोलर?"

"बरं हाईत. मावशी, म्हस कुटं गेली हितली?"

"इकली की दसऱ्याला. बायकूची म्हस हुती ती. बायकू गेली, आन् ह्यांच्या हाताला म्हस धार दीना. दोन म्हयनं माणूस निस्ता तिच्याम्होरं बसून बोलायचा. मग दिली कुनाला तरी बिद्रीकडं. दिली त्या दिवशी जेवला न्हाय."

"नाव काय हुतं म्हशीचं?"

"चांदणी. कपाळाला पांढरा ठिपका हाय न्हवं."

आणि मला ती म्हैस आठवली. मी ती बघितली होती. तिच्यावरून मी विनोदसुद्धा केला होता.

५

दिवाळीनंतरच्या राईडची गोष्ट. चिमणाबाईच्या टपरीमागं एक म्हैस बांधलेली होती आणि सयाजीराव चहा सोडून तिच्या मानेवर हात फिरवत काहीतरी पुटपुटत उभे होते. माझी जीभ वळवळली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "काय सयाजीराव, स्थळ बघायला आलायसा व्हय?" अख्खं मंडळ पोट धरून हसलं. सयाजीरावही हसले. पुढचे दोन महिने प्रत्येक चहाला कुणी ना कुणी विचारायचं, सुपारी कधी फोडायची म्हणून. दर वेळी हशा माझ्या नावावर जमा व्हायचा आणि मला बरं वाटायचं. संक्रांतीनंतर ते बंद झालं. म्हैसही टपरीमागं दिसेनाशी झाली. मी दोन्हींचा कधी संबंध लावला नाही.

त्याच दुपारी टपरीवर मी पोचलो तेव्हा चिमणाबाई एकटीच होती. मला बघून तिनं पदर सावरला आणि भांडी घासायला घेतली.

"बाई, म्हस कुटं हाय?"

"मळ्यात."

"आदी हितं हुती."

"हुती."

"रविवारी तुमी अकराच चहा ओतला. बारावा ग्लास रिकामाच ताटात ठेवला. म्या त्यो हातात घेतलाय, गार हुता."

तिनं ग्लास तसाच पाण्यात सोडला.

"पाच रविवार झालं," ती म्हणाली. "कंट्रोलरच म्हनले, माझा ग्लास रिकामाच ठिवत जावा, न्हायतर शेपूट मला हुडकाय येईल. बिद्रीतनं आदी निघायचं, पुलाजवळ सायकल ठिवायची, कालव्याकडनं चालत मळ्यात जायचं. तिला पेंड चारायची, घटकाभर बोलायचं, आन् तसंच घरला. माझ्या मालकाला, केरबांना, म्हस कंट्रोलरच्या म्होरंच धार देती, रविवारी. बाकीचं सहा दिस लाथा मारती."

"रविवारी केरबा न्हवते?"

"मालक पाटंच आजऱ्याला लगनाला गेलते, तुमचा चहा झाल्यावर मीबी गेले. मला वाटलं, गेलं असतील घरला. कुनी उलटं इचारलंच न्हाय बघा. तुमीबी न्हाय."

ते खरं होतं. आम्ही सगळे चहा पिऊन आपापल्या घरी गेलो. सयाजीराव घरी पोचले का, हे रविवारी दिवसभर जगात कुणीही कुणाला विचारलं नाही. शेपटीला मागं राहिलेले दिसतात. पाव तास पुढं निघून गेलेला माणूस माझ्या हिशेबात कधी आलाच नव्हता.

"हितं म्हस असताना येतच हुते की," मी म्हटलं. "मग मळ्यात कशापायी न्हेली?"

चिमणाबाईनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

"तुमी हसलासा म्हणून," ती म्हणाली.

६

बुधवारी सयाजीराव शुद्धीवर होते. तोंड सुकलेलं, आवाज खोल गेलेला. मी पेंडेचा कागद दाखवला, तसे ते म्हणाले, "पिराजीराव, मळ्याकडं गेलतासा काय?"

"टपरीवर गेलतो."

"धार देती का?"

"न्हाय म्हनं. रविवारपास्नं आटल्यागत केलंय."

त्यांनी डोळे मिटले. मी काय बोलणार होतो ते घरून ठरवून आलो होतो, ते सगळं विसरलो. "माझं चुकलं वो," एवढंच आलं. "मी तसं बोलाय नको हुतं."

"तुमाला काय म्हाईत," ते म्हणाले. "मंडळी गेल्यापास्नं ती एकटीच माझा आवाज वळकती बघा. पन हे माणसात सांगन्यासारखं न्हाय. साठीतला माणूस म्हशीला भेटाय जातोय म्हनल्यावर कोन हसनार न्हाय?" मग त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात फार जोर नव्हता. "मीटिंगमधी सांगू नका."

गुरुवारी संध्याकाळी विजयसिंहांच्या शोरूममध्ये नव्या सोफ्यांवर अकरा जण बसलो. माझ्याकडे सगळं होतं: गार ग्लास, गियर वर ठेवलेली सायकल, खिशात पेंडेचा कागद. चार वाक्यांत सुटलो असतो. चौथ्या वाक्याला म्हैस आली असती, आणि मग कुणीतरी, माझ्यासारखंच कुणीतरी, तोंड दाबून हसलं असतं.

"बोला पिराजीराव," विजयसिंह म्हणाले. "बारावा चहा कुनी प्याला, कळलं का?"

"प्रसेनजीतनं न्हाय. हे मी लिहून देतो. त्याला कुनी काय म्हनलं असंल तर त्यानं माफी मागावी."

"मग कुनी?"

"ते मी सांगनार न्हाय. चूक माझी हाय. शेपटीनं माणूस बघायचा असतोय, मी ग्लास मोजला." मी जॅकेट घडी घालून टेबलावर ठेवलं. धुऊन, इस्त्री करून आणलं होतं.

स्नेहल रडकुंडीला आली होती. विजयसिंहांनी जॅकेट उचललं, इकडंतिकडं बघितलं आणि प्रसेनजीतच्या हातात दिलं. तो माझ्याकडं बघत राहिला. मी मान हलवली, घे म्हणून. त्याला ते थोडं मोठं होत होतं.

रविवारी मी एकटाच निघालो, मंडळाच्या अर्धा तास आधी. बिद्रीला मिसळ खाल्ली नाही, एकट्यानं कुठं खायची. पुलाजवळ सायकल निजवली, गियर वर, आणि कालव्याच्या कडेनं जपून चालत मळ्यात गेलो. चांदणी दावणीला उभी होती. केरबा खांद्यावर टॉवेल टाकून बसले होते, चरवी रिकामी. मी पेंड पुढं धरली. तिनं हुंगली आणि तोंड फिरवलं.

मग सयाजीरावांना फोन लावला आणि तिच्या कानाजवळ धरला. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही, मुद्दाम तोंड दुसरीकडं केलं. चांदणीनं कान हलवले. फोनला दोनदा नाक लावलं. थोड्या वेळानं मागं चरवीत धारेचा आवाज सुरू झाला.

तेवढ्यात लांब रस्त्यावरून सायकलींच्या घंटा आल्या, हसण्याखिदळण्याचा आवाज आला. मंडळ टपरीकडं चाललं होतं. मी उसातून डोकं बाहेर काढून बघितलं. सगळ्यात शेवटी पोपटी ठिपका होता, आणि तो दर थोड्या वेळानं पुढच्यांवरही मान उंच करून नजर टाकत होता. पोरगं चांगलं काम करणार. मी हात वर केला नाही.

उन्हं चढल्यावर घरी आलो. कुलूप काढलं, सायकल भिंतीला लावली, पाणी प्यालो. घरात नेहमीसारखं होतं. मग फोन वाजला.

"पोचलासा काय?" सयाजीराव विचारत होते.

सहा वर्षं मी अकरा माणसांच्या मागून चाललो. शेपटीच्या मागं कुणी नसतं, त्यामुळं हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

"पोचलो," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसलो. ते चांदणीनं किती दूध दिलं ते विचारत होते.